पायी येताना वारा होता

दाजी,

तुम्हाला मूठमाती देऊन अजून महिना झालेला नाही. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीच्या मासिकासाठी दाजींवर चार शब्द लिही, घरात शिकलेला तू एकटाच आहेस. जन्म कुठला, गिरणीत कुठल्या खात्यात होते, मंडळीचे पंच कधी झाले, हे सगळं मी एका कागदावर लिहून त्यांना देऊन टाकलं. ते छापतील. त्या कागदात तुम्ही कुठंच सापडत नाही. म्हणून हे वेगळं लिहितो आहे, आणि थेट तुम्हालाच सांगतो आहे. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे. तुमच्या घराला दार लावून बोलायची सवय कधी नव्हतीच.

गेल्या रविवारी चर्चात तुमच्यासाठी उपकारस्तुतीची सभा झाली. मी बोललो. चांगलं बोललो असं सगळे म्हणाले. कष्टाळू, विश्वासू, मनमिळाऊ, सगळे शब्द जागच्या जागी बसले. मागच्या बाकावरच्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. माझ्या अक्कानं लावला नाही. ती पहिल्या बाकावर बसून माझ्याकडं अशी बघत होती, जशी भाकरी करपल्यावर तव्याकडं बघते. घरी येताना वाटेत म्हणाली, "झ्याक बोललास. कुनाविषयी बोललास?"

बी.ए. झाल्यापासून मला असं कुणी विचारलेलं नव्हतं.

तुमच्याविषयी बोलायचं म्हणजे ताटापासून सुरुवात करावी लागते. मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास होऊन सांगोल्याकडच्या आमच्या गावातून पत्र्याची पेटी घेऊन तुमच्याकडं सोलापूरला आलो, ती पहिली संध्याकाळ. आमच्या सगळ्या भावकीत तिथवर कुणी गेलेलं नव्हतं आणि ते मी चेहऱ्यावर लिहून आणलं होतं. तुमची खोली मंडळीच्या वस्तीत, गिरणीपासून चांगली लांब. एक खोली, पुढं पडवी. अक्कानं ताटं मांडली. तुम्ही छोटीशी प्रार्थना केलीत, आमेन झालं, आणि मी भाकरीला हात घातला. अक्कानं हातावर चापट मारली.

"थांब. आजचं ऱ्हायलंय."

आजचं म्हणजे काय, ते तुम्ही सांगितलंत. दिवसभरात जे काही बरं घडलं त्यातलं एक, ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं, देवाचे उपकार मानायचे, मग जेवायचं. कालचं आज चालणार नाही. 'देवानं जीव दिला, सूर्य दिला' असलं मोघमही चालणार नाही, ते म्हणायला रविवारी पाळकसाहेब आहेत. आणि एकाचं जरी राहिलं तरी कुणी घास उचलायचा नाही.

अक्का म्हणाली, आज नळाला पाणी आलं तेव्हा माझी घागर पहिली होती. तुम्ही म्हणालात, आज माझ्या सूत काढायच्या साच्यावर धागा कमी तुटला. मग दोघं माझ्याकडं बघायला लागलात. मी घाबरून शाळेतल्यासारखे हात जोडले आणि म्हणालो, "देवा, दाजींनी मला घरात घेतलं, त्याबद्दल तुझे आणि दाजींचे..."

"हां हां. थांब." तुम्ही हात वर केलात. "हितं मानसाचं नाव घ्यायचं न्हाय."

"का?"

"घरचा कायदा हाय. आज माजं नाव घेशील, तर उद्यापास्नं मान खाली घालून जेवशील. तसलं जेवान आपल्या बापांनी लई जेवलंय. दुसरं कायतरी सांग बिगी बिगी, भाकरी गार व्हायली."

मी म्हणालो, "एस.टी.त खिडकीजवळ जागा मिळाली."

"आत्ता कसं," तुम्ही म्हणालात आणि भाकरी मोडलीत.

नंतर कॉलेज सुरू झालं. ते वस्तीपासून लांब, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तुमच्याकडं हिरवी सायकल होती, मागच्या कॅरिअरला सुतळी गुंडाळलेली. तिच्यावर तुम्ही गिरणीत जायचात आणि अक्काला ती सवतीसारखी वाटायची, कारण रविवारी तिला तेलपाणी केल्याशिवाय तुम्ही चहा घेत नव्हता. एका सकाळी ती माझ्यापुढं उभी केलीत.

"घ्युन जा. पायडल मारून मारून माजं गुडघं दुखाय लागल्यात."

"मग तुम्ही गिरणीत कसं जाणार?"

"पायानं. पाय कशाला दिल्यात मग?"

त्या संध्याकाळी तुमचं आजचं होतं, "आज पायी येताना वारा चांगला होता." अक्का तुमच्याकडं बघतच राहिली. मी लायब्ररीविषयी काहीतरी सांगितलं आणि जेवायला लागलो. सायकल चालवून भूक लागली होती.

तेव्हापासून तो वारा वरचेवर तुमच्या आजच्यात यायला लागला. मला खरोखर वाटायचं, ह्या माणसाला चालायची आवड आहे.

कॉलेजची वर्षं त्या ताटावर गेली. मी कधी कंटाळून कालचंच परत सांगायचो, की तुम्ही म्हणायचात, "शिळं हाय. ताजं आन." मी मुद्दाम पुस्तकी मराठीत सांगायचो, तर म्हणायचात, "देवाला कळलं आसंल, आमाला इस्कटून सांग." आपल्या शेजारी विणकराचं बिऱ्हाड होतं, घरात तेलुगू बोलायचे. त्यांचा कोंबडा वेळी-अवेळी ओरडून वस्ती उठवायचा. एकदा तुम्ही म्हणालात, "आज कोंबडं उशिरा वरडलं, देवा तुजं उपकार." दुसऱ्या दिवशी शेजारणीनं अक्काला वाटी आणून दिली. त्यात तोच कोंबडा होता. अक्का म्हणाली, "तुमची प्रार्थना लई जोरात लागली की ओ. आता माज्यासाटी काय मागू नगा." तुम्ही हसून हसून लोळलात, आणि त्या दिवशी आजचं काय सांगावं हे तुम्हाला सुचेना. वाटी गार झाली तरी सुचेना.

अक्काची एक तक्रार मात्र कायम होती. तुमच्या सदऱ्यावर खांद्याला लाल, हिरवे ठिपके पडायचे. घासघासून तिचे हात सोलायचे. "तुमच्या खात्यात समदं सूत पांढरं, आन् हा रंग कुटला?" तुम्ही म्हणायचात, "होळी खेळतोय मी. तुला काय करायचंय?" ते कोडं तिनं तसंच सोडून दिलं. मीही.

बी.ए.चा निकाल लागला. मी पास. आमच्या घरातला, भावकीतला, आसपासच्या दोन-चार गावांतल्या आमच्या वाड्यांतला पहिला. हे मी आजही मान वर करून सांगतो, त्यात मला कसली लाज नाही. तुम्ही सकाळपाळी करून आलात. मला वाटलं, आज दाजी कायदा मोडतील. आज माझं नाव घेतील. ताटं मांडली. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "आज गिरणीत जो भेटंल त्यानं च्या पाजला. पोट डबडबलंय."

मला राग आला. माझ्या निकालाच्या दिवशी ह्यांना चहा आठवतो.

मग दुष्काळ पडला. त्याचं वर्णन मी करत नाही, ज्यानं बघितला त्याला सांगायला नको. जोंधळा दिसेनासा झाला. रेशनला मिलो आली, परदेशातला लाल जोंधळा. तिची भाकरी थापता थापता तुटायची आणि अक्का तिला जिवंत माणसाला द्याव्यात तशा शिव्या द्यायची. मी तेव्हा शाळेत नुकताच लागलो होतो. त्या आठवड्यात गावाकडं जाऊन आलो होतो. आमचे बाबा, त्या वयात, दुष्काळी कामावर उन्हात बसून खडी फोडत होते. मला बघून हसले. हाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या.

आलो त्या संध्याकाळी ताटात मिलो होती. तुम्ही म्हणालात, "मिलो का हुईना, आज रांगेत उबं ऱ्हावं लागलं न्हाय. देवा तुजं उपकार." मग माझ्याकडं बघितलंत.

"माझ्याकडं आज काही नाही," मी म्हणालो.

"सोद."

"शोधत नाही. दाजी, बाबा गावात दारोदार भाकर मागायला जायचे, तेव्हा मी बरोबर असायचो. वरून टाकलेली भाकर झेलायची आणि वाकून म्हणायचं, मायबाप, उपकार झाले. आता परदेशातून कुणी हे लाल दाणे टाकलेत, तिकडं डुकरांना घालतात म्हणे, आणि आपण परत वाकून उपकार झाले म्हणतोय. ही सवय आहे म्हणून आपली माणसं वर आली नाहीत. मान खाली घालायला मी बी.ए. झालेलो नाही."

अक्का म्हणाली, "दान्या, जेव की गप."

कायद्याप्रमाणं कुणी घास उचलला नव्हता. शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं. ह्येचं आज मी सांगतो." आणि डोळे मिटलेत. "देवा, आमच्या दानिएलला राग येतोय. तुजं लई उपकार. आमच्या बापास्नी त्यो यायचा न्हाय." मग डोळे उघडून मला म्हणालात, "झालं तुजं. जेव आता."

मला वाटलं, तुम्ही माझी चेष्टा केलीत. दाजीनं मेहुण्याची चेष्टा करायची, हा तुमचा हक्कच होता आणि तो तुम्ही एक दिवस वाया घालवलेला नव्हता. मी ताटावरून उठलो. भाकरी तशीच राहिली. त्या वर्षी अन्नावरून उठायचं, हे मला तेव्हाच कसं सुचलं कोण जाणे.

ती चेष्टा नव्हती, दाजी. स्वतःचा कायदा तुम्ही माझ्यासमोर एकदाच मोडलात. निकालाच्या दिवशी मी ज्याची वाट बघत होतो, ते नाव तुम्ही माझ्या रागाच्या दिवशी घेतलंत. आणि मी ते ऐकूनही ऐकलं नाही. उठून चपला घातल्या.

शाळेजवळ खोली घेऊन मी वेगळा राहायला लागलो. सायकल घेऊन गेलो. तुम्ही ती परत मागितली नाहीत, मीही विचारलं नाही. भांडण म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. रविवारी चर्चातून मी तुमच्याकडं यायचो, दुपारी जेवायचो, तुम्ही माझ्या चष्म्याची टिंगल करायचात. पण आजचं हे संध्याकाळच्या ताटाचं. संध्याकाळी मी कधी थांबलो नाही. अक्का म्हणायची, "जेवून जा की." मी म्हणायचो, वह्या तपासायच्या आहेत. माझं लग्न झालं, घरात दोन ताटं झाली, तरी ते मी सुरू केलं नाही. गरम भाकरी पुढ्यात आली की खाऊन टाकायचो. थांबायचं नसलं की जेवण लवकर आटपतं. बाकी त्यानं माझी मान किती वर गेली म्हणाल, तर मला काही फरक दिसला नाही. शाळेतल्या मुलांवर ओरडणं मात्र वाढलं. बायको म्हणाली, तुम्हाला दिवसातलं वाईट तेवढं घरी सांगायची सवय आहे. ते खरं होतं. दुसरं काही शोधायचं मी सोडून दिलं होतं, आणि सोडलं की ते दिसायचंही बंद होतं.

मग तुमची ढास वाढली. इतक्या वर्षांचा कापूस छातीत बसलेला. रजा, मग बिनपगारी रजा, मग दवाखाना. मी म्हणालो, आपण गिरणीवर दावा करू, अर्ज मी लिहितो. तुम्ही म्हणालात, "लिव की."

मला ते इतकं सोपं नको होतं. मला भांडायचं होतं. म्हणालो, "आयुष्यभर त्या गिरणीचे उपकार मानत बसलात."

"गिरणीचं कवा मानलं रं? वाऱ्याचं मानलं." मग दम खाऊन म्हणालात, "पगारवाढीचा मोर्चा निघाला तवा पुडच्या रांगंत मी हुतो. तू कॉलेजात हुतास. सकाळी मोर्चा, सांजच्याला आजचं. देवानं हात दोन दिल्यात की. एक मूठ वळाय, एक जोडाय."

"जोडायला दोन लागतात," मी म्हणालो.

"मास्तर झालास खरा," असं म्हणून तुम्ही हसायला लागलात आणि हसता हसता असा खोकला आला की अक्कानं मला वॉर्डाच्या बाहेर काढलं.

अर्ज लिहिला. तुम्ही सही केलीत. उत्तर अजून आलेलं नाही. ते मी सोडणार नाही, तुम्हाला सांगून ठेवतो. आणि आपल्या वादात मी सगळाच चुकलो असंही मला वाटत नाही. मारणाऱ्या हाताचे उपकार मानायचे नसतात, हे मी आजही म्हणेन. फक्त ते तुम्हाला सांगायची गरज नव्हती. तुम्ही तसे कधी मानलेच नव्हते. हे विचारून घ्यायला मला एक संध्याकाळ पुरली असती.

शेवटचं भेटलो तेव्हा दुपारचा चहा वॉर्डातून नुकताच फिरून गेला होता. अक्का कपडे धुवायला घरी गेली होती. तुम्ही उशीला टेकून बसला होता. म्हणालात, "आज तुजी पाळी. लई दीस झालं, तुजं आयकलं न्हाय."

आजूबाजूला पेशंट होते. मला लाज वाटली. तुमचंच नाव ओठावर आलं होतं, पण तो कायदा आठवला. खरं सांगायचं तर कायद्याचा आडोसा मिळाला. मी म्हणालो, "चहा बरा होता आज."

तुम्ही डोळे मिटून विचारलंत, "च्यात कोन हाय रं?"

मला कळलं नाही. म्हणालो, "साखर आहे."

तुम्ही आवाज न करता हसलात. म्हणालात, "सांग उद्या. गार झालं तरी चालंल."

दुसऱ्या दिवशी सकाळचा भोंगा वाजून गेला आणि अक्काचा निरोप आला.

हे सगळं डोक्यात घेऊन मी गेल्या रविवारी सभेत उभा राहिलो होतो, आणि बोललो ते कष्टाळू आणि विश्वासू. संध्याकाळी अक्काच्या घरीच थांबलो. ती पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "अक्का, दाजींनी मला विचारलं होतं, चहात कोण आहे. म्हणजे काय?"

तिनं मान वर केली नाही. "येडा हायस. तुज्या निकालाच्या दिशी ह्ये गिरणीतनं च्या पिऊन आले. त्या च्यात कोन हुतं?"

मी तो दिवस आठवायला लागलो.

"तूच हुतास की. पोरगं बी.ए. झालं म्हनून लोकांनी पाजला न्हवं? नाव घ्यायची बंदी हुती. मानूस आत ठिवायची कुटं बंदी हुती? ह्ये रोजच ठिवायचे. मी पानी भरलेलं असायचं, तू सायकलची घंटी वाजवत आलेला असायचास. ह्ये म्हनायचे, घागर भरलीय, घंटी वाजली. आमी दोगं जेवाय लागायचो, तू आपला भाकरीकडं बगत."

"आणि हा कायदा कुणी काढला? दाजींच्या वडिलांनी?"

"वडील कुटले. तू आलास त्या सांजंला काडला, ताटावर. तू हात जोडून उपकार उपकार कराय लागलास, तवा. त्येच्या आदी आमी एकमेकांची नावंच घ्यायचो." तिनं सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "ह्ये म्हनायचे, आज शांतीनं आमटी झ्याक केली, देवा. तू आलास आन् ते बंद झालं. त्येच्यामागं माजं नाव ह्यांच्या तोंडून प्रार्थनंत आयकलं न्हाय मी. तुला म्हनून सांगते आपलं. दोष देत न्हाय."

दाजी, मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पण तुम्ही दोघं सांगणारी माणसं नव्हता. मी ज्या वर मानेनं तुमच्याशी भांडलो, ती वर ठेवायला तुम्ही दोघांनी काय बाजूला काढून ठेवलं, हे मला तांदळातला खडा पडावा तसं एका वाक्यात कळलं. आणि अक्का पुढचे तांदूळ निवडायला लागली.

पडवीत ती हिरवी सायकल उभी होती, मी आलो होतो तिच्यावरूनच. तिच्याकडं बघत मी म्हणालो, "पण अक्का, उन्हाळ्यात, भर दुपारी सकाळपाळी सुटल्यावर, सोलापुरात वारा कुठला?"

"मीबी इचारलं हुतं. म्हनले, असतोय. सोदाय लागतो."

शाळेला सुट्टी आहे. दुसऱ्या दिवशी सायकल पडवीतच ठेवली आणि गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिलो. भोंगा झाला, माणसं बाहेर पडली, मी त्यांच्याबरोबर चालायला लागलो. तुमची वाट मला नीट ठाऊक नव्हती. ओळखीचे दोघं-तिघं वस्तीकडं वळले त्यांच्या मागं गेलो. डांबर मऊ झालं होतं, चप्पल चिकटत होती. गिरणीची ती लांब भिंत आहे ना, तिला त्या वेळेला सावली म्हणून नसते. झळ सरळ तोंडावर येत होती. भिंत संपेपर्यंत मी तुमच्यावर चिडलो होतो. हे रोज. अशी छाती घेऊन. आणि मी सायकलवर. मनात म्हणालो, दाजी, तुम्ही ताटावर बसून देवाला खोटं सांगत होता. वारा नाही इथं.

भिंतीच्या पुढं वाट विणकरांच्या गल्लीत वळते. तिथं सूत रंगवतात. दोन्ही बाजूंना बांबू आडवे टाकून रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातल्या होत्या, लाल, हिरव्या, ओल्या, ठिबकत होत्या. गल्ली अरुंद. मी तिच्यात शिरलो, आणि तीच झळ त्या ओल्या सुतातून गाळून आली. गार होऊन. मी थांबलो. छाती भरून श्वास घेतला. ज्याला श्वास पुरत नाही, त्याला ही जागा कशी लागली असेल हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

आतून एक म्हातारा ओरडला, "मास्तर, बाजूला ऱ्हावा, रंग पडंल की."

मी तिथंच उभा राहिलो.

संध्याकाळी अक्कानं ताटं मांडली. दोनच. प्रार्थना तिनं केली. मग म्हणाली, "माजं सांगते. आज पडवीत सायकल हुती." आणि माझ्याकडं बघितलं.

मला तुमचं नाव घ्यायचं होतं. सभेत ते मी कितीदा घेतलं, सगळ्या पदव्या लावून. ताटावर ते तोंडातून निघेना. अक्का थांबली. भाकरीची वाफ गेली. तिनं घास उचलला नाही.

"आज गिरणीपास्नं पायी आलो," मी म्हणालो. "वारा चांगला होता. देवा, तुझे उपकार."

अक्का माझ्या खांद्याकडं बघत होती. पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपका पडला होता, चांगला रुपयाएवढा. तिचा हात तिथवर आला आणि थांबला.

"सदरा काढून ठिव," ती म्हणाली. "त्यो डाग साबनानं जात न्हाय."

आणि तिनं भाकरी मोडली.